समुद्रातली वीज : वारा, लाटा आणि भरतीचं संशोधन एकत्र का यायला हवं?

सायली (सिल्वासा) : सायलीच्या चौकात उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. दिसतात कारखान्यांच्या शेडी, मालाचे ट्रक आणि विजेच्या उच्चदाब तारा. जवळून वाहणारी दमणगंगा मात्र दमणला समुद्रात जाते आणि समुद्र आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. तेव्हापासून खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेले दोन किनारे, या बाजूचं दमण आणि त्या बाजूचं दीव, प्रशासनाच्या कागदावर आपल्याच प्रदेशात आहेत.

भारतात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी सर्वात आधी ज्या जागेचा बारकाईने अभ्यास झाला, ती जागा दीवच्या पूर्वेला, गुजरातच्या पिपावाव बंदरासमोर आहे. देशातली सर्वात मोठी भरती खंभातच्या आखातात येते. म्हणजे समुद्रातल्या विजेची चर्चा आपल्या दारात चालू आहे. ती चर्चा तीस-चाळीस वर्षं का रेंगाळली आणि पुढे सरकायची तर काय लागेल, याची ही माहिती.

थोडक्यात

- समुद्रातून वीज मिळवायच्या तीन मुख्य वाटा : समुद्रावरचा वारा, लाटा आणि भरती-ओहोटी.
- भारतात या तिन्हींची जबाबदारी वेगवेगळ्या खात्यांकडे आणि संस्थांकडे विभागली आहे.
- गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत मिळून सुमारे ७० गिगावॉट पवन ऊर्जेचा अंदाज आहे. लाटांचा अंदाज सुमारे ४१,३०० मेगावॉट, तर भरतीचा १२,४५५ मेगावॉट.
- एवढे आकडे असूनही २०२५ अखेर भारताच्या समुद्रात व्यावसायिक वीज देणारी एकही पवनचक्की उभी नव्हती.

तीन वाटा, तीन स्वभाव

*वारा.* जमिनीवरच्या पवनचक्क्या आपण साताऱ्याजवळ चाळकेवाडीला किंवा कच्छ-सौराष्ट्रात पाहिल्या आहेत. समुद्रावर डोंगर, झाडं, इमारती आड येत नाहीत, त्यामुळे वारा अधिक सलग वाहतो. पण इथे एक गणित कळीचं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. उलटही तसंच. पिपावावसमोर सुमारे शंभर मीटर उंचीवर वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास मोजला गेला. युरोपच्या उत्तर समुद्रातल्या चांगल्या जागी तो साडेनऊच्या पुढे असतो. फरक दोनच मीटरचा वाटतो, पण ऊर्जेचा फरक जवळजवळ दुपटीचा पडतो. गुजरातच्या समुद्रातली वीज महाग का पडते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

*लाटा.* लाट म्हणजे दूरवरच्या वाऱ्याने पाण्यात साठवलेली ताकद. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही ताकद वर्षभर सारखी नसते. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, बाकीचे महिने बराच शांत. म्हणजे यंत्र पावसाळ्यातल्या लाटेच्या माराला टिकेल इतकं मजबूत हवं आणि उरलेल्या आठ महिन्यांतल्या लहान लाटेवरही चाललं पाहिजे. दोन्ही एकाच यंत्रात साधणं अवघड आहे.

*भरती-ओहोटी.* वारा पडतो, लाट निवते, भरती मात्र कधी चुकत नाही. सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची, अष्टमीच्या सुमारास भांगाची. पुढच्या कित्येक वर्षांचं वेळापत्रक आजच मांडता येतं. वीज मिळवायच्या पद्धती दोन. एक, खाडीवर बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचं. दुसरी, बांध न घालता वाहत्या प्रवाहातच टर्बाइन ठेवायचं, म्हणजे पाण्यातली पवनचक्कीच म्हणा ना.

खंभातच्या आखाताचं वेगळेपण

आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. त्यामुळे आत शिरणारं भरतीचं पाणी दाबलं जातं आणि उंच चढतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक जास्तीत जास्त ११ मीटर, सरासरी पावणेसात मीटरच्या आसपास जातो. कच्छच्या आखातात तो जास्तीत जास्त ८ मीटर. दमणच्या जंपोर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी किती दूर जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. ती याच आखाताची करामत.

या भरतीचा वापर माणूस आधीपासून करत आला आहे. अलंगला मोडीत निघालेली अजस्र जहाजं उधाणाच्या भरतीवर किनाऱ्याला चढवली जातात. भावनगर बंदरात भरतीचं पाणी लॉकगेटने अडवून धरतात, म्हणजे ओहोटीतही आतली जहाजं तरंगती राहतात. बांध घालून वीज करायचं तत्त्व यापेक्षा फार निराळं नाही. आत अडवलेलं पाणी बाहेर सोडताना त्याच्या वाटेत टर्बाइन ठेवायचं, एवढंच.

पण याच आखातात अडचणीही आहेत. पाणी गढूळ, गाळाने भरलेलं. प्रवाह जोराचा. वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. तळाशी बऱ्याच ठिकाणी मऊ चिखलमाती आहे. गाळाने टर्बाइनची पाती झिजतात आणि मऊ मातीत पाया खोल न्यावा लागतो. स्कॉटलंडच्या खडकाळ, स्वच्छ पाण्यात चाललेलं यंत्र उचलून इथे बसवलं की काम झालं, असं होत नाही. इथलं संशोधन इथेच करावं लागणार.

१९९१ : एकाच वर्षी दोन सुरुवाती

१९९१ मध्ये डेन्मार्कने विंडेबी इथे समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या. प्रत्येकी ४५० किलोवॉट, सगळ्या मिळून पाच मेगावॉटही भरत नव्हत्या. समुद्रातलं जगातलं पहिलं पवन विद्युत केंद्र ते हेच.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम इथे भारताचं लाटांवर चालणारं वीज केंद्र सुरू झालं. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, १५० किलोवॉटचं. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट शिरायची, आतली हवा वर ढकलली जायची, त्या हवेवर टर्बाइन फिरायचं. लाट मागे फिरली की हवा उलट आत यायची, तरी टर्बाइन त्याच दिशेने फिरत राहायचं. जगात असे प्रयोग तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणजे आपण मागे नव्हतो.

पुढे विंडेबी २०१७ मध्ये काढून टाकलं गेलं, पण तोवर त्यातून अख्खा उद्योग उभा राहिला होता. समुद्रातल्या पवन विजेची जगभरातली क्षमता आता ८० गिगावॉटच्या पुढे गेली आहे. विळिंजमचा प्रयोगही बंद झाला. त्यातून शास्त्रज्ञांना ज्ञान मिळालं, त्या विजेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रयोगही झाले, पण दुसरं, तिसरं, मोठं केंद्र काही निघालं नाही.

एक गोष्ट खरी, की वारा आणि लाट यांची तुलना पूर्ण न्याय्य नाही. लाटांची यंत्रं जगात कुठेच अजून पवनचक्क्यांइतकी स्वस्त झालेली नाहीत. तरीही डेन्मार्कने पहिल्या प्रयोगानंतर दुसरा, मग तिसरा केला आणि परवाने, मोजमाप, ग्रीड यांसाठी एकच सरकारी खिडकी ठरवली. आपल्याकडे पहिल्या प्रयोगाची माहिती पुढच्या प्रयोगापर्यंत पोचवणारी अशी साखळी तयार झाली नाही.

कोणाच्या कपाटात काय आहे?

आपल्या समुद्राची माहिती नाही असं मुळीच नाही. ती भरपूर आहे, पण वेगवेगळ्या कपाटांत.

- वारा : नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय आणि त्याची चेन्नईतली राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था.
- लाटा, प्रवाह, समुद्राच्या उष्णतेवरची वीज : पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतली चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था. लक्षद्वीपमध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रकल्प हिचेच.
- भरतीवरचे मोठे बांध : जुने अभ्यास केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे.
- लाटा-वाऱ्याचे रोजचे अंदाज : हैदराबादची इन्कॉइस संस्था. मच्छीमारांना मिळणारे समुद्रस्थितीचे इशारे हीच देते.
- समुद्राचं पाणी, गाळ, जीवसृष्टी : गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १९६६.
- खाड्या आणि बंदरांची प्रतिकृती करून प्रवाह व गाळाचा अभ्यास : पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, स्थापना १९१६.
- समुद्रतळाची खोदाईतून मिळालेली माहिती : तेल कंपन्या. मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडलं, तेव्हापासून भर समुद्रात फलाट उभारण्याचा आणि सांभाळण्याचा अनुभव आपल्याकडे आहे.

याशिवाय संरक्षण, जहाजवाहतूक, पर्यावरण, अंतराळ, मत्स्यव्यवसाय, दूरसंचार अशा खात्यांच्या परवानग्या आहेतच. एखाद्या कंपनीला एक खांब रोवायचा तर त्या जागी नौदलाचा सराव होतो का, जहाजांचा मार्ग जातो का, तेलाची पाइपलाइन आहे का, कासवं-देवमासे येतात का, हे प्रत्येक दारात जाऊन विचारावं लागतं.

यात पैसा कसा जातो? समुद्रात मोजमाप करणारं जहाज एकदा बाहेर काढायचं म्हणजे मोठा खर्च. वाऱ्यासाठी एक संस्था, गाळासाठी दुसरी आणि लाटांसाठी तिसरी वेगवेगळी गेली, तर खर्च तीनदा होतो. तोच खर्च शेवटी युनिटच्या दरात येतो, आणि दर भरणारे आपण.

एकत्र बसल्यावर काय घडलं

डिसेंबर २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने ‘फोविंड’ हा प्रकल्प सुरू झाला आणि मार्च २०१८ पर्यंत चालला. त्यात जागतिक पवन ऊर्जा परिषदेबरोबर बंगळुरूची सीस्टेप ही अभ्याससंस्था, गुजरात पॉवर कॉर्पोरेशन, डीएनव्ही जीएल ही तांत्रिक संस्था आणि पुण्याची वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ सस्टेनेबल एनर्जी होती. पुढे राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थाही जोडली गेली. या सगळ्यांनी मिळून गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी आठ पट्टे आखून दिले. वारा, पाण्याची खोली, बंदर, ग्रीड असं सगळं एका नकाशावर आलं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्रीय समुद्री पवन ऊर्जा धोरण जाहीर झालं आणि राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेला समन्वयाची जबाबदारी मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पिपावावपासून २३ किलोमीटरवर समुद्रात लिडार बसवला गेला. लिडार म्हणजे लेसर किरणं वर सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजणारं यंत्र. त्याआधीचे बरेचसे आकडे उपग्रहांवरून काढलेले होते. आता प्रत्यक्ष मोजलेले हाती आले, आणि वारा अपेक्षेइतका जोरकस नाही हेही कळलं. कडू असली तरी उपयोगाची बातमी, कारण चुकीच्या आकड्यावर हजारो कोटी लावण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं.

एप्रिल २०१८ मध्ये गुजरातसमोरच्या एक गिगावॉट प्रकल्पासाठी केंद्राने कंपन्यांचा कल विचारला. ३५ हून अधिक कंपन्यांनी रस दाखवला, पण प्रकल्प उभा राहिला नाही. वीज घेणार कोण, कोणत्या दराने, किनाऱ्यापर्यंत केबल कोण टाकणार, हे प्रश्न सुटलेले नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉट उभं करण्यासाठी, तर ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. या एक गिगावॉटमधून वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट वीज अपेक्षित आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या वाट्याची निविदा निघाली. पण मुदतवाढीवर मुदतवाढ होत गेली आणि २०२५ सरलं तरी समुद्रात काम सुरू झालं नव्हतं.

म्हणजे माहिती एकत्र आली तेव्हा प्रकरण पुढे सरकलं. पैसा, बंदर, ग्रीड आणि वीज खरेदीचा करार एकत्र आले नाहीत तिथे अडलं.

भरतीची वीज कागदावर का राहिली

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे तज्ज्ञ एरिक विल्सन यांनी १९७५ मध्येच खंभातचं आखात भरतीच्या विजेला योग्य असल्याचं सांगितलं होतं. ऐंशीच्या दशकात बडोद्याचे डॉ. अनिल काणे यांनी आखातावर बांध घालून गोडं पाणी साठवायची ‘कल्पसर’ ही कल्पना मांडली. काणे पुढे जागतिक पवन ऊर्जा संघटनेचे अध्यक्षही झाले. कल्पसरच्या आधीच्या आराखड्यात भरतीपासून ५,८८० मेगावॉट वीज धरली होती. नंतर भर गोड्या पाण्यावर आला आणि वीज मागे पडली.

कच्छच्या आखातात ९०० मेगावॉटचा अभ्यास ऐंशीच्या दशकात झाला. २०११ मध्ये तिथेच बांधाशिवाय, प्रवाहातल्या टर्बाइनवर ५० मेगावॉटची घोषणा झाली. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा छोटा प्रकल्प ठरला, पण खर्च मेगावॉटला ६३.५० कोटी रुपयांवर गेला आणि तो थांबवला गेला. तीनही कागदावरच.

जगात भरतीवरची वीज नाही असं नाही. फ्रान्समधलं ला रान्स केंद्र १९६६ पासून २४० मेगावॉट क्षमतेने चालू आहे. दक्षिण कोरियाचं सिहवा केंद्र २०११ मध्ये २५४ मेगावॉट क्षमतेने सुरू झालं. सिहवाची गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी. तिथे समुद्रबांध आधीच घातलेला होता, आतलं पाणी साचून खराब झालं होतं. टर्बाइन बसवल्यावर वीजही मिळाली आणि पाणीही खेळतं झालं. एकाच बांधकामातून दोन कामं निघाली म्हणून खर्च पेलला. आपल्याकडे बंदर, रस्ता, गोडं पाणी आणि वीज यांचे आराखडे वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात. मग एकट्या विजेच्या माथी सगळा खर्च आला की प्रकल्प महाग दिसणारच.

जगाने काय केलं

युरोपीय संघाने २०१०-११ मध्ये ‘ओरेका’ नावाच्या प्रकल्पात वारा, लाटा आणि प्रवाह या तिन्हींवर काम करणाऱ्यांना मुद्दाम एकत्र बसवलं. विचार साधा होता. तिघांनाही समुद्रतळाचा नकाशा लागतो, केबल लागते, बंदर लागतं, बोट लागते, गंजणार नाही असं पोलाद लागतं. मग संशोधन वेगवेगळं कशाला?

स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर २००३ मध्ये सामाईक चाचणी केंद्र सुरू झालं. समुद्रात केबल आधीच टाकून ठेवलेली, परवाने घेतलेले, मोजमाप चालू. कुणीही संशोधक आपलं यंत्र आणतो, जोडतो, तपासतो. नेदरलँड्समध्ये सरकार निविदेआधी स्वतः वारा आणि समुद्रतळ मोजून माहिती सर्वांना खुली करतं. बोली लावणाऱ्याला अंधारात उडी मारावी लागत नाही, म्हणून तो दरही कमी लावतो.

भारत २०१६ मध्ये सागरी ऊर्जेवरच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य गटाचा सदस्य झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अधिकृतपणे नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थाही आता ठरवलेल्या पट्ट्यांत स्वतः मोजमाप करते. सुरुवात बरी आहे. पण खंभातच्या गढूळ पाण्यासाठी ऑर्कनीसारखं सामाईक, ग्रीडला जोडलेलं चाचणी केंद्र लागेल, आणि त्यात वारेवाले, लाटवाले, भरतीवाले सगळ्यांना जागा लागेल.

तौक्ते विसरून चालणार नाही

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीव-उना भागातच किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर, झोत १८५ पर्यंत. त्याच वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही तराफानौका बुडाली आणि अनेक कामगारांचा जीव गेला. ज्या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या करायच्या तो पट्टा वादळाच्या वाटेवर आहे.

युरोपातल्या समुद्रात अशी उष्णकटिबंधी चक्रीवादळं येत नाहीत. म्हणून चक्रीवादळाच्या प्रदेशांसाठी यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात वेगळा वर्ग करावा लागला. इथे हवामान खात्याची वादळांची माहिती, इन्कॉइसच्या लाटांच्या नोंदी आणि टर्बाइन बनवणाऱ्यांचं गणित एकाच टेबलावर यायला हवं. ते आलं नाही तर प्रश्न निव्वळ पैशाचा राहत नाही. समुद्रात काम करणाऱ्या पोरांच्या जिवाचा होतो.

डोल जाळीवाल्यांना कोण विचारणार?

या साऱ्या संस्थांच्या यादीत एक नाव नेहमी सुटतं. पालघरच्या सातपाटी-डहाणूपासून पलीकडे जाफराबाद-नवाबंदरपर्यंत बोंबील पकडायला डोल जाळी लावतात. समुद्रात खुंट रोवून किंवा नांगर टाकून तोंड उघडं ठेवलेली, पिशवीसारखी जाळी. ती ओढायची नसते. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत आणतो. म्हणजे भरतीच्या प्रवाहावर चालणारं या किनाऱ्यावरचं सर्वात जुनं तंत्र हेच.

प्रवाह कुठे जोराचा, कुठे वळतो, वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला, उधाणाला किती ओढ असते आणि भांगाला किती, हे डोलवाल्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जाफराबाद तर पिपावावच्या शेजारीच. टर्बाइनला जो प्रवाह हवा तोच जाळ्याला हवा, म्हणून पहिला खटका यांच्याशीच उडणार. ट्रॉलर आपली जागा बदलू शकतो, खुंटाची जागा बदलणं सोपं नसतं.

विजेचे खांब रोवले की त्यांच्याभोवती सुरक्षेसाठी काही अंतर मोकळं ठेवावं लागतं. केबलवरून जाळी ओढता येत नाही. कोणती जागा किती महिने बंद राहणार, भरपाई बोटीच्या मालकाला की खलाशालाही, देखभालीच्या बोटींवर स्थानिकांना काम मिळणार का, याची उत्तरं आराखडा होतानाच ठरली पाहिजेत. वाढवण बंदराच्या बाबतीत डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर किती वर्षं संघर्ष चालला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जून २०२४ मध्ये त्या ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी मिळाली, पण मच्छीमारांच्या मनातला प्रश्न मंजुरीने सुटत नाही. समुद्रातल्या विजेच्या बाबतीत तो आधी विचारायची संधी अजून हातात आहे.

आपल्या भागाचा संबंध काय?

१. विजेची भूक. दादरा-नगर हवेलीत विजेचा बहुतांश वापर कारखान्यांचा आहे. वीज येते ती मुख्यतः बाहेरच्या केंद्रांतून. वितरण १ एप्रिल २०२२ पासून टोरेंट पॉवरचा ५१ टक्के वाटा असलेल्या कंपनीकडे आहे. देशातल्या वीज वापरात नवीकरणीय विजेचा वाटा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के करायचं केंद्राचं बंधन आहे. ही वीज कुठून आणि कोणत्या दराने येणार, यावर सायली, रखोली, खडोलीतल्या कारखान्यांचं बिल ठरणार.

२. संध्याकाळची अडचण. फुदमच्या ९ मेगावॉट सौर प्रकल्पाच्या आणि छतांवरच्या पॅनेलच्या बळावर दीव दिवसा पूर्णपणे सौर विजेवर चालू लागलं. कौतुकाची गोष्ट. पण सूर्य मावळल्यावर काय? कापड-यार्नचे कारखाने रात्रपाळीतही चालतात. वारा आणि भरती रात्रीही असतात, म्हणून त्यांना सौर विजेचा जोडीदार म्हणतात.

३. कामधंदा. आपल्या पट्ट्यात कंडक्टर, केबल, ट्रान्सफॉर्मरचं तेल बनवणारे कारखाने आहेत. दमणमध्ये पुण्याच्या सुझलॉनचा पवनचक्क्यांचे भाग बनवणारा कारखाना आहे. सुरतजवळ हजीऱ्याला समुद्रातल्या तेल फलाटांचे सांगाडे तयार होतात. पिपावावला जाणारा माल या रस्त्याने जाऊ शकतो. करडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधल्या मुलांना समुद्रातली वेल्डिंग, गंजरोधक काम, केबल जोडणी शिकायला मिळाली तर नोकरीसाठी घर सोडून फार लांब जावं लागणार नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

*महाराष्ट्र-गोव्याच्या समुद्रात पवनचक्क्या का नाहीत?* आखलेले पट्टे गुजरात आणि तमिळनाडूसमोर आहेत, कारण वारा तिथे तुलनेने चांगला. तमिळनाडूत कन्याकुमारीच्या बाजूला तो गुजरातपेक्षाही जोराचा आहे. कोकण-गोव्याचा वाटा संशोधनात मोठा असू शकतो : खडकवासला, दोना पावला आणि पुण्यातल्या पवन ऊर्जा कंपन्या इथेच आहेत.

*लाटांवरची वीज कुठे सुरू होणार आहे का?* २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम आणि इस्रायलच्या इको वेव्ह पॉवर या कंपनीने मुंबईत १०० किलोवॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाची घोषणा केली. आकार विळिंजमपेक्षाही लहान. त्याच्या नोंदी खुल्या राहिल्या तर पुढच्यांना कामाला येतील.

*ही वीज स्वस्त पडेल का?* सुरुवातीला नाही. म्हणून तर केंद्राने ७,४५३ कोटींची मदत ठरवली. युरोपात दर उतरले ते एकामागून एक प्रकल्प होत गेले, बंदरं आणि बोटी पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, म्हणून.

*दीव-दमणच्या प्रशासनाला यात काही म्हणता येतं का?* किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडचा विषय केंद्राचा. पण केबल किनाऱ्यावर उतरणं, मासेमारीच्या बोटी, बंदर, प्रशिक्षण आणि वीज खरेदी हे सगळं इथल्या जमिनीवरच घडतं.

दमण ते दीव सरळ रेषेत समुद्रावरून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याने मात्र अख्ख्या आखाताला वळसा घालून जावं लागतं. समुद्रातल्या विजेचं काम तीस वर्षं याच वळशाच्या रस्त्याने चाललं आहे. वाऱ्याचा, लाटेचा, भरतीचा आणि डोल जाळीवाल्याचा हिशेब एका वहीत आला, तर पुढच्या निविदेत खर्चाचा आकडा तरी खरा लिहिता येईल.